कार्डावरची इंदू

नगरा, झाशी
६ जानेवारी १९५४

श्री. जनार्दनराव यांस,

यज्ञेश्वरचा नमस्कार पोचावा. इंदू काल सुखरूप पोचली. गाडीला उशीर होता, म्हणून मी मध्येच घरी जाऊन आईला सांगून आलो की गाडी अजून आली नाही. आई म्हणाली, "नाही आली हे सांगायला कशाला येतोस? आली की ये." मग मी परत फलाटावर गेलो.

तुमच्या घरची कुसुमावती ती आमच्या घरची इंदू. लग्नाला वर्ष होत आलं तरी नवं नाव माझ्या तोंडी बसत नाही, तेवढी मोकळीक असू द्यावी. शेजारची चौबाइन चाची अजूनही मुलीच्या नावावरून आईला छेडते, "काए बाई, मोड़ी कौ नाँव काए बदल दओ? हमाए इतै तौ घर बदलत है, नाँव नईं." आई तिला सांगते, आमच्यात लग्नात तांदळात नवं नाव लिहितात. चाची म्हणते, "चाउर तौ खाए जात हैं." इंदू हसून हसून खाली बसली.

तिची तब्येत बरी आहे. पाय मात्र सुजले आहेत. जोडवी रुतून बसली आहेत, साबण लावूनही निघत नाहीत. चाची म्हणते पहिलटकरणीला असं होतं. आईही तेच म्हणते. मला तरी काळजी वाटते.

एक विनंती आहे. इथल्या रेल्वेच्या इस्पितळात नाव घालायचं तर तुमचं कार्ड लागेल. मी आमच्या ऑफिसातल्या बाबूंना विचारून आलो. लग्न झालेली बहीण भावाच्या कार्डावर चालत नाही, ती नवऱ्याच्याच कार्डावर पाहिजे. बाबा गेल्यावर मी वर्कशॉपात लागलो तेव्हा माझ्या कार्डावर 'राधाबाई, आई' आणि 'इंदू, अविवाहित बहीण' अशी दोन नावं लिहिली होती. इंदूचं नाव लग्नानंतर खोडून घ्यायला हवं होतं. पण तुमच्या कार्डावर ती चढल्याचं कळेपर्यंत खोडायला मन होत नाही. तेव्हा कार्ड लवकर पाठवावं.

शाळा आठवीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

आपला,
यज्ञेश्वर


भुसावळ
१६ जानेवारी १९५४

यज्ञेश्वरराव,

पत्र मिळालं. एक काना-मात्रा चुकलेली नाही. माझ्या जुन्या मास्तरांना दाखवलं असतं तर त्यांनी मला पुन्हा एकदा छडी मारली असती. तुम्ही आमच्या लोको शेडमध्ये असता तर प्रत्येक इंजिनाला विचारलं असतं, बाबा रे, पाणी प्यालास का, पोट भरलं का.

कार्डाचं काम ऑफिसात आहे. साहेबाची सही झाली की येईल. बाळंतपणाला अजून अवकाश आहे, तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. कुसुमला सांगा की तिने घातलेलं लिंबाचं लोणचं मी आणि आईने मिळून संपवलं. आई म्हणते, सून हाताने चांगली आहे, बोलायला तेवढी कमी आहे. मी म्हटलं, ती झाशीची आहे, मनात हिंदीत बोलत असेल.

पायांना मिठाच्या पाण्याचा शेक द्या.

जनार्दन


इस्पितळ, झाशी
१९ फेब्रुवारी १९५४

जनार्दनराव,

हे पत्र मेलच्या गार्डाच्या हाती देतो आहे, म्हणजे उद्या तुम्हाला मिळेल. तार केलीच आहे. पण तारेत सगळं लिहिता येत नाही.

इंदूला आज दुपारी झटके आले. सकाळपासून डोकं दुखतं म्हणत होती, डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात म्हणत होती. आईने सुंठ उगाळून लावली. मी जेवायला घरी आलो तेव्हा ती चुलीपाशी आडवी पडलेली होती, दात आवळलेले, डोळे वर. चाचीने तिच्या दातांत पदराचा बोळा घातला आणि मला ओरडली, "ठाड़े का हौ, ताँगा लाओ!" टांग्यात पुन्हा एक झटका आला.

आता ती आत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपण लांबवता येणार नाही, आजच काय ते होईल. वाचेल का, असं मी विचारलं. त्या परत आत गेल्या. आई व्हरांड्यात बसली आहे.

तुम्ही निघा. पण एक गोष्ट पाळा. आधी इस्पितळात येऊ नका, आधी घरी या. चुकून इथेच आलात तर दारावरच्या बाबूला तुम्ही तिचे कोण ते सांगू नका. कुणालाच सांगू नका. कारण भेटल्यावर सांगेन.

कार्ड मिळालं असेल तर बरोबर आणा. मिळालं नसेल तर साहेबाच्या पाया पडून सही घ्या.

यज्ञेश्वर


भुसावळ
२१ फेब्रुवारी १९५४

यज्ञेश्वरराव,

तुमची तार आली, तुमचं पत्र आलं, आणि त्या दोन्हींच्या मागोमाग तिसरीही एक बातमी आली. झाशीचे दिवाकर गार्ड इटारशीच्या रनिंग रूममध्ये जेवताना बोलले म्हणे, की आमच्या नगऱ्यातली एक मराठी मुलगी इस्पितळात आहे, लग्न झालेलं नाही आणि दिवस भरलेले आहेत. त्यांच्या बायकोने तिथे तिच्या भावाच्या तोंडून आपल्या कानांनी ऐकलं. इटारशीहून ते भुसावळला यायला किती वेळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको. मी फायरबॉक्सात फावड्याने कोळसा टाकत असताना ड्रायव्हरने मला विचारलं, "का रे, तुझी सासुरवाडी नगऱ्यातच ना?"

आईच्या कानावर गेलं. तिने मला विचारलं, सुनेला नवरा नाही असं तिचा भाऊ का सांगतो? पुढे तिला अजून काही विचारायचं होतं. ते तिने विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

आणि तुम्ही मला लिहिता, तुम्ही तिचे कोण ते सांगू नका. मी तिचा कोण आहे, यज्ञेश्वरराव? ती जिवंत आहे का एवढं तरी लिहा. मूल झालं का? मंगळवारपर्यंत रजा नाही, माझ्या जागी माणूस नाही. रागाच्या भरात मी साहेबाशी भांडलो, त्यामुळे मंगळवारचीही खात्री राहिली नाही.

आता मलाही एक सांगायचं आहे, ते मी आधीच सांगायला हवं होतं. कार्ड ऑफिसात नाही. साहेबाच्या सहीसाठी अडलेलं नाही. मी कुसुमचं नाव घालायला अर्जच दिलेला नाही. लग्नानंतर गेलो होतो. बाबू म्हणाला, लग्नाच्या पत्रिकेत 'इंदू' आहे आणि तुम्ही 'कुसुमावती' लिहिता, ही दोन्ही एकच बाई कशावरून? साक्षीदार आणा. मागून कुणीतरी हसलं, म्हणालं, एकीच्या नावावर दुसरी घुसवतोय. मी अर्ज फाडला आणि बाहेर आलो. माझ्या बायकोला मी माझी बायको म्हणून सिद्ध करायचं? तेव्हा ते मला मर्दपणाचं वाटलं होतं. तुम्हाला लिहिताना लाज वाटली, म्हणून सहीचं कारण सांगितलं.

उत्तर गार्डाच्याच हाती पाठवा. फक्त दिवाकरच्या हाती देऊ नका.

जनार्दन


नगरा, झाशी
२३ फेब्रुवारी १९५४

जनार्दनराव,

इंदू जिवंत आहे. तुम्हाला मुलगी झाली आहे. फार लहान आहे, पण रडते. हे मी तारेने कळवलं नाही, कारण तारबाबू दिवाकरांच्या शेजारी राहतो, आणि त्या तारेत 'तुमची पत्नी' हे शब्द लिहावे लागले असते.

आता सगळं क्रमाने सांगतो.

टांगा इस्पितळाच्या दाराशी थांबला. बाबू म्हणाला, "रेल्वे की फैमिली है? कार्ड दिखाओ." मी म्हटलं, हिच्या नवऱ्याचं कार्ड भुसावळला आहे. तो म्हणाला, "भैया, मैं तुम पर भरोसा कर लूँ, मेरा साहब मुझ पर नहीं करेगा. कार्ड नहीं है तो सदर ले जाओ." तो काही वाईट माणूस नाही. त्याने टांगेवाल्याला सदरचा जवळचा रस्ताही सांगितला. पण सदर इस्पितळ शहराच्या पलीकडे. टांग्यात इंदूच्या तोंडाला फेस होता. तिथवर ती गेली नसती.

माझं कार्ड माझ्या खिशात होतं, ते नेहमीच असतं. मी ते काढून दिलं.

त्याने वाचलं. "इंदू. अविवाहित बहन." मग त्याने टांग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अविवाहित?" मी म्हटलं, "हाँ." मी मोठ्याने म्हटलं, कारण हळू म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं. तिथे दिवाकरांची बायको औषधाच्या रांगेत होती. मला ती दिसली नव्हती.

मी मागे वळलो तेव्हा आई टांग्यात इंदूवर वाकलेली होती. मला वाटलं तोंड पुसते आहे. तिने शालीच्या आडून इंदूच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, कपाळ पुसलं आणि हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एक बांगडी निघेना, ती तिने चाकाच्या लोखंडी धावेवर आपटून फोडली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. माझं "हाँ" तिने ऐकलं होतं.

तेव्हापासून आई जेवलेली नाही. मंगळसूत्र तिच्या पदराच्या गाठीत आहे. तुम्ही इंजिनावर असता आणि आपण भरल्या सवाष्णीच्या गळ्यातलं काढलं, एवढंच ती म्हणते. तुमचं पत्र काल आलं, तोवर ती प्रत्येक गाडीच्या शिटीला दचकत होती. अक्षर तुमचंच आहे ना, असं तिने मला दोनदा विचारलं. तिला वाचता येत नाही, तरी तिने कागद हातात घेऊन पाहिला.

आता खरी अडचण ऐका. तुमचं कार्ड येईल आणि मी बाबूपुढे जाऊन चूक कबूल करीन, एवढ्या आशेवर मी होतो. कार्डच नाही हे काल कळलं. इंदू अजून धड शुद्धीवर नाही, झटके पुन्हा येऊ शकतात. मी आज खरं बोललो तर तिचा त्या खाटेवर हक्क उरत नाही. आणि नाही बोललो तर दुसरंच होतं आहे. छावणीतल्या एका सुभेदाराची बायको रोज सकाळ-संध्याकाळ येते. डॉक्टरीणबाई स्वतः तिला पोरीपाशी नेतात. ती पोरीला उचलून पडद्याआड घेऊन बसते, काल जाताना तिला सोडवेना. नर्स तिला म्हणाली, "आपकी ही हो गई अब तो." ते पोरीसाठी घर बघताहेत. कुमारिकेचं मूल, घरचे ठेवणार नाहीत, असंच त्यांना वाटणार. आणि मी विचारूही शकत नाही. विचारलं तर मला काय म्हणून उत्तर देतील? जे मी लिहून दिलं त्याप्रमाणेच सगळं चाललं आहे.

पत्र इथे थांबवून मी इस्पितळात जाऊन आलो. आता पुढचं लिहितो.

मी गेलो तेव्हा त्या बाईने पोरीला शालीत गुंडाळून घेतलं होतं आणि ती दाराकडे निघाली होती. मी दारात उभा राहिलो. हात आडवे केले. डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना म्हटलं, ही माझी भाची आहे, हिला बाप आहे, तो भुसावळला फायरमन आहे, माझ्या बहिणीचं लग्न झालेलं आहे, मी खोटं बोललो, मला जे करायचं ते करा पण पोर देऊ नका. हे सगळं मी कुठल्या भाषेत बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक मराठीतच.

त्या म्हणाल्या, "बैठो." मी बसलो नाही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत इंदूची जोडवी होती, कापलेली.

"पाँव इतने सूजे थे कि काटनी पड़ीं," त्या म्हणाल्या. "जिस लड़की की बिछिया मैंने अपने हाथ से काटी, उसे मैं कुँवारी मान लूँ? मैंने सोचा, ससुराल से झगड़ के लाए हो, नाम छिपा रहे हो. सोचा, ठीक होगी तो ख़ुद बताएगी."

आईने गळा पाहिला, कपाळ पाहिलं, हात पाहिले. पाय तिच्याही ध्यानात आले नाहीत.

मी त्या छावणीवाल्या बाईकडे बोट केलं. डॉक्टरीणबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "ये? ये तो दूध पिलाने आती हैं. इनका अपना महीना भर पहले जाता रहा. अभी धूप दिखाने ले जा रही थीं. तुमने पूछा क्यों नहीं?"

आपलं मूल गमावलेली ती बाई मान खाली घालून उभी होती. मी तिला हात जोडले. तिने पोरीला माझ्याकडे दिलं, मला धरता येईना, म्हणून परत घेतलं.

डॉक्टरीणबाई मग स्पष्ट बोलल्या. मी खोटं बोललो हे त्यांना वर कळवावं लागेल, ते त्या लपवणार नाहीत. पण रोगी हलवण्याजोगी नाही असंही त्या लिहितील. "जब तक मैं लिखती हूँ, तब तक लेटी रहेगी. ज़्यादा दिन नहीं लिख पाऊँगी. पति का काग़ज़ मँगाओ."

म्हणून आता तुम्ही येऊ नका. तुम्ही इथे येऊन इंदू बरी होणार नाही. तिथेच राहा आणि कार्ड करा. लोक हसले तर हसू द्या.

यज्ञेश्वर


भुसावळ
२७ फेब्रुवारी १९५४

यज्ञेश्वरराव,

सोबत ऑफिसचा दाखला आहे. कार्ड छापून यायला वेळ लागेल, पण दाखल्यावर शिक्का आहे आणि तो कुठल्याही रेल्वे इस्पितळात चालतो असं मी तोंडी नव्हे, लेखी घेतलं आहे. तुमच्यासारखा झालो.

कसं झालं ते थोडक्यात. त्याच बाबूकडे गेलो. तो म्हणाला, साक्षीदार? मी आमच्या लग्नातल्या भटजींना हाताला धरून नेलं होतं. त्यांनी सांगितलं, मी स्वतः ताटात तांदूळ पसरले आणि मुलाने अंगठीने नाव लिहिलं. बाबू म्हणाला, ते तांदूळ आहेत का? मागून पुन्हा हसले. या वेळी मी बसून राहिलो. मग माझी आई पुढे झाली. ती आमच्यामागून आली होती हे मला माहीतच नव्हतं. ती बाबूला म्हणाली, "तुमच्या बायकोचं माहेरचं नाव काय हो?" बाबू म्हणाला, "शारदा." "आणि आता?" तो फायली चाळू लागला. त्याची बायको आता कमल आहे. सगळ्या ऑफिसने तोंडाला रुमाल लावले. त्याने अर्ज ओढून घेतला.

घरी मी आईला सांगितलं होतं, मूल माझं आहे आणि चूकही माझीच आहे. ती म्हणाली, पहिलं मला ठाऊक होतं, दुसरं तू आज सांगितलंस.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, मी ठणठणीत आहे. गळ्यातलं काढल्याने फायरमन मरत असते तर आमच्या शेडमध्ये एक उरला नसता. निम्म्यांच्या बायकांची मंगळसूत्रं मारवाड्याच्या तिजोरीत असतात. त्यांना जेवायला सांगा. आणि मंगळसूत्र त्यांच्याच हाताने कुसुमला परत घालू द्या. मी येईपर्यंत थांबू नका.

दिवाकर गार्डाला मी एक पत्र टाकलं आहे. त्यात काय लिहिलं ते तुमच्यासारख्या शुद्ध लिहिणाऱ्याला सांगण्याजोगं नाही.

पोर कुणासारखी आहे?

जनार्दन


नगरा, झाशी
१४ मार्च १९५४

श्री. जनार्दनराव यांस,

दाखला मिळाला त्याच दिवशी दाखल केला. बाबूने पाहिला, शिक्का पाहिला, जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि नवी नोंद केली. डॉक्टरीणबाईंना त्यापुढे 'हलवण्याजोगी नाही' असं लिहिण्याची गरज उरली नाही, म्हणून त्यांनी मला चहा पाजला. इंदू आता उशीला टेकून बसते. सूज उतरली. आईने तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं तेव्हा ती म्हणाली, "आई, माझं गेलं कधी होतं?" तिला टांग्यातलं काहीच आठवत नाही. आम्हीही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पोर तुमच्यासारखी आहे, असं छावणीवाली बाई म्हणते. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, पण आमच्यापैकी कुणासारखीच नाही म्हणून तसं म्हणते. बाळंतीण घरी आल्यावरही ती येणार आहे. आईने तिची खणानारळाने ओटी भरायचं ठरवलं आहे.

माझ्या बाबतीत चार दिवसांपूर्वी निकाल झाला. नोकरी राहिली. खोटी माहिती दिल्याबद्दल माझं कार्ड एक वर्ष बंद. म्हणजे आईलाही वर्षभर इस्पितळ नाही. मी विचारलं, तिचं नाव तुमच्या कार्डावर चढेल का? नियमात सासू नाही, हे उत्तर मला आधीच माहीत होतं, तरी विचारलं. परवा ती दोनदा खोकली. मी उठून बसलो. आई म्हणाली, "मला काय धाड भरली आहे? नीज." आता वर्षभर मी असाच जागणार, हे तिला कळलं आहे, म्हणून ती तोंडात पदर धरून खोकते. ते मला जास्त ऐकू येतं.

कार्ड जमा करण्याआधी साहेब म्हणाले, बहिणीचं नाव आधीच कमी व्हायला हवं होतं, ते आता तूच कमी कर. त्यांनी शाईचा दौत-टाक पुढे केला. मी पट्टी मागितली. 'इंदू, अविवाहित बहीण' यावर सरळ रेघ मारली आणि खाली सही केली.

घरी येऊन आईला तुमच्या दाखल्याची नक्कल वाचून दाखवली. ती मी माझ्यासाठी करून ठेवली होती. आई नीट बसून ऐकत होती.

"पहिलं नाव कुणाचं आहे?"

"जनार्दनरावांचं."

"मग?"

"कुसुमावती, पत्नी."

"मग?"

"मग पोरीसाठी जागा सोडली आहे. बारसं झालं की लिहितील."

चौबाइन चाची दारात तांदूळ निवडत होती, तिने हात थांबवला.

"आणि इंदू?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "आई, तीच ही."

"हो," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. पण वाच की पुन्हा एकदा."

आपला,
यज्ञेश्वर